जागल

मेडशीत रात्री जागणाऱ्या माणसाला कोणी आजारी समजत नाही. तो जागलीला असतो. पातूरचा घाट चढून आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान लागतं आणि त्या रानातून रोही, रानडुकरं रात्री आमच्या तुरीत-हरभऱ्यात उतरतात. कळप एकदा शिरला की सकाळी वावर ओळखू येत नाही. म्हणून पीक भरायला लागलं की घरटी एक माणूस मचाणावर जातो. माझ्या बाबांनी ही जागल तीस-पस्तीस वर्षं केली. आमचं वावर गावाला लागूनच, त्यामुळे मध्यरात्री त्यांनी दिलेली हाळी घरापर्यंत यायची. आम्ही पोरं ती ऐकून कूस बदलायचो आणि पुन्हा झोपायचो. बाबा जागे आहेत, तर मग आपण झोपायला हरकत नाही, एवढंच आम्हाला कळायचं.

अटॅक आला तो डवरणीच्या दिवसांत. सकाळीच छाती भरून आली, बंडी घामानं चिंब झाली, तरी 'गॅस असंन' म्हणून ते तासभर ओट्यावर बसून राहिले. मग १०८ ची गाडी. इथून अकोला पन्नासेक किलोमीटर. रस्ता आता चौपदरी आहे, पण त्या सकाळी तो संपत नव्हता. माय गाडीत त्यांचे तळपाय चोळत बसली होती. अकोल्यात एन्जिओ झाली, दोन स्टेंट बसले. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून वावराचा तुकडा विकावा लागला नाही. आठव्या दिवशी बाबा घरी आले आणि त्यांच्यासोबत एक आकडा आला : ३५. इको करणाऱ्यानं सांगितलं, पंपिंग पस्तीस आहे. निरोगी माणसाचं पंचावन्नच्या वर असतं. हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेला होता. तो परत येणार नव्हता आणि उरलेल्या भागावर पुढचं आयुष्य काढायचं होतं.

आम्ही कामाला लागलो. मायनं लोणच्याची बरणी, पापडाचा डबा आणि ठेचा शेजारी नेऊन ठेवला. पाणी मोजून द्यायला लागली. मी भिंतीवर तक्ता लावला. सकाळचं वजन, बीपी, कोणती गोळी किती वाजता. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा, हे मी पाठ केलं होतं. भावानं वावर आपल्या अंगावर घेतलं. बाबांनी कोठ्याकडे फिरकू नये, शेण-चारा करू नये, म्हणून आम्ही दोघांनी ठरवून बैलजोडी विकली. पैसे त्यांच्याच हातात आणून दिले. त्यांनी मोजले नाहीत. उशीखाली ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. बैल विकताना आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. त्यांच्या जिवाची काळजी म्हणूनच आम्ही ते केलं होतं, त्यात खोट नव्हती. पण पंधरा-वीस दिवसांनी पोळा आला. ज्या माणसानं जन्मभर पोळ्याच्या सकाळी बैलांना धुतलं, शिंगांना रंग दिला, झूल चढवली, तो माणूस त्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहिला. बाहेर तोरणाखाली गावचे बैल उभे होते, वाजंत्री चालू होती. मी पुरणपोळीचं ताट नेलं. पोळी बिनमिठाची होती, तुपाचं बोट लावलं होतं, सगळं पथ्यात होतं. त्यांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाले, "मले करमत नाई बा."

मी टीव्ही लावून दिला.

करमत नाही. किती साधे शब्द. सासरी आलेली नवी पोर म्हणते, शाळेच्या वसतिगृहातलं लेकरू म्हणतं, मुलगा पुण्याला गेला की माय म्हणते. आम्ही तो शब्द इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यात एखादं लक्षण असेल असं वाटतच नाही. बाबांनी तो त्यानंतर पाच-सहा वेळा तरी उच्चारला असेल. मग तोही बंद झाला. दिवसभर खाटेवर. बसा म्हटलं की बसायचे, गोळी दिली की गिळायचे. पाहुणे आले की आम्ही कौतुकानं सांगायचो, बाबा किती ऐकतात. उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणाचं ऐकलं नाही ते इतके मुकाट झाले, याची भीती वाटायला हवी होती. आम्हाला हायसं वाटत होतं.

रात्री मात्र ते जागे असायचे. मी ओसरीवर झोपायचो. पहाटे तीनच्या सुमाराला डोळे उघडले की बाबा खाटेवर पाय खाली सोडून बसलेले. एकदा विचारलं, "काय झालं बाबा?"

"काई नाई. जागल करून रायलो."

मला वाटलं, चला, थट्टा करण्याइतके बरे झाले. आता कळतं की ते खरं तेच सांगत होते. पहाटे दोन-तीनला जाग येणं, मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा न लागणं, आणि त्या वेळात मनात सगळ्यात काळे विचार येणं, हे नैराश्याच्या जुन्या ओळखीच्या खुणांपैकी एक आहे. राखायला समोर वावर नाही, उठवायला रोही नाही, आणि माणूस तरी जागा. आपण कशावर नजर ठेवून बसलो आहोत, हे त्यांचं त्यांना तरी उमगलं होतं का, कोण जाणे.

खरी अडचण अशी की दुबळं हृदय आणि खचलेलं मन दोघंही एकच बोली बोलतात. थकवा येतो. भूक मरते, झोप उडते. माणूस चार पावलं चालला की बसतो. तपासणीला नेलं की हे सगळं पस्तीसच्या खात्यावर जमा व्हायचं. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर साठ पेशंट बसलेले. पायाची सूज दाबून बघायची, छातीचा आलेख काढायचा, गोळी कमी-जास्त करायची. 'कसं वाटतंय?' हा प्रश्न यायचा आणि त्याला आम्ही दोघं भाऊच उत्तर द्यायचो. बाबांकडे कोणी बघितलं असं मला आठवत नाही, आमच्यासकट.

आपली भाषा या बाबतीत दवाखान्याहून शहाणी आहे असं मला वाटत आलंय. आपल्याकडे भीती काळजात धस्स करून येते, दुःखानं ऊर भरून येतो, अपमान जिव्हारी लागतो. काळीज आणि काळजी हे शब्द एकमेकांना इतके लागून आहेत की एकातून दुसऱ्यात जाताना पायरीसुद्धा लागत नाही. शरीरशास्त्र म्हणून ते चुकीचं असेल. काळीज हा शब्द मुळात यकृताचा आहे आणि खाटकाकडे कलेजी मागितली तर आजही तेच मिळतं. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही हृदयाला चेतनेचं ठिकाण मानलंय आणि हृदय सांभाळायचं तर मनाला दुःख देणाऱ्या गोष्टी टाळा, असं सांगितलंय. आमच्या गावानं तर बाबांचं निदान केव्हाच केलं होतं. पारावर म्हणत, "बुढ्यानं हाय खाल्ली." अगदी अचूक. फक्त हाय खाल्लेला माणूस पुन्हा वर येत नाही, असंही गाव त्याच दमात म्हणायचं आणि विषय बदलायचा.

दवाखान्यांच्या जगानं हे १९९३ साली मोजून बघितलं. कॅनडातल्या माँट्रियल शहरात नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या २२२ जणांना दवाखान्यात असतानाच मनाचे प्रश्न विचारले. त्यातले ३५ जण नैराश्यात होते. सहा महिन्यांत त्या ३५ पैकी ६ गेले, आणि उरलेल्या १८७ पैकीही ६ च. हृदय किती खराब झालं होतं याचा हिशेब वजा केल्यावरही खचलेल्यांचा धोका चौपटीच्या आसपास निघाला. त्यांच्याही तपशिलात ३५ हा आकडा आहे, हे वाचलं तेव्हा मी वही मिटून ठेवली होती. पुढे अनेक देशांत तपासण्या झाल्या. अटॅकनंतर साधारण पाचांतला एक माणूस खऱ्याखुऱ्या नैराश्यात जातो, हे आता सर्वमान्य आहे. त्यात रक्तातल्या बिंबिका जास्त चिकट होतात, ताणाची संप्रेरकं चढी राहतात, हृदयाच्या ठोक्यांचा लवचीकपणा कमी होतो. आणि साधी गोष्ट म्हणजे खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, श्वास लागला तरी सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेनं प्रत्येक हृदयरुग्णाला मनाचे प्रश्न विचारावेत अशी शिफारस केली. अकोल्याच्या त्या खोलीपर्यंत ती पोचली नव्हती.

मी माझ्या परीनं एक उपाय केला होता. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' बाबांच्या हातात दिलं. ते पुस्तक मला फार प्रिय आहे. स्वतः डॉक्टर असलेला, आपल्याच विदर्भात काम करणारा माणूस ऐन चाळिशीत हृदयविकारानं आडवा होतो आणि मग आपलं खाणं, धावपळ, मन सगळं उलटून-पालटून तपासतो. कितीतरी मराठी घरांत त्या पुस्तकानं तेलाचा डबा आणि चालण्याची वेळ बदलली. बाबांनी दोन पानं वाचली आणि ते उशाशी पालथं ठेवलं. तेव्हा मी चिडलो. आता वाटतं, शोध घ्यायला निघण्यासाठी अंगात आधी थोडी ओढ लागते आणि बाबांची ती ओढच आटली होती. विहिरीत पडलेल्याला मी पोहण्यावरचं उत्तम पुस्तक दिलं होतं.

मार्ग निघाला तो आमच्या आशाताईंच्या फॉर्मातून. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आरोग्याचा फॉर्म त्या घरोघरी भरतात. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला साखर आहे का. त्याच कागदाच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? मन उदास, निराश वाटलं, असं किती दिवस? उत्तरं चार : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. मी माझ्या सवयीनं तोंड उघडलं. आशाताई म्हणाल्या, "भाऊ, तुमी नका सांगू. काकांले सांगू द्या." आणि पहिला प्रश्न त्यांनी आमच्या बोलीत विचारला, "काका, कायीच करमत नाई असं होते का?"

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रोज." दुसऱ्यालाही, "रोज."

पोळ्याच्या दिवशी मी ज्याच्यासाठी टीव्ही लावला होता, तो शब्द कागदावरचा पहिला प्रश्न होता.

त्या संध्याकाळी माय मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिनं सांगितलं की वावरातलं फवारणीचं औषध तिनं महिन्याभरापूर्वीच गुपचूप भावाच्या सासरी पाठवून दिलंय. आमच्या भागातल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. शेतकरी आत्महत्या हा शब्द वर्तमानपत्रात येण्याच्या आधीपासून त्या घरातल्या पुरुषाची पाठ वाचत आल्यात. तिला माहीत होतं आणि ती एकटीच ते घेऊन महिनाभर वावरत होती. मी तक्त्यावर वजनं लिहीत होतो.

वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात आम्ही गेलो. शेतकऱ्यांच्या मनाच्या आजारासाठी राज्यानं २०१५ मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यातल्या चौदा जिल्ह्यांत वाशिम आहे. तिथं बाबांना पाऊण तास एकट्याला बसवून घेतलं. मी बाहेर बाकावर होतो. आतून काही ऐकू येत नव्हतं. बाहेर आले तेव्हा त्यांचा गमछा ओला होता. फाईलच्या मागच्या बाजूला समुपदेशक ताईंनी ठळक अक्षरात १४४१६ लिहून दिलं. हा टेलिमानसचा नंबर, कोणत्याही वेळी लावा, मराठीत बोला, पैसे लागत नाहीत. तो अजून तिथंच आहे. मायनं तो एकदा लावला होता, स्वतःसाठी. हे मला खूप नंतर कळलं.

गोळी सुरू झाली, पण डॉक्टरांनी तिच्याबद्दल खोटी आशा लावली नाही, याचं मला मोल वाटतं. नैराश्याच्या जुन्या गोळ्यांतल्या काही हृदयाची लय बिघडवतात, त्या टाळतात. नव्या गोळ्या अटॅकनंतर सुरक्षित असल्याचं २००२ पासून माहीत आहे; मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावं लागतं. पण बाबांसारख्या दुबळ्या झालेल्या हृदयात त्या किती उपयोगी? २०१० आणि २०१६ मध्ये झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्या साध्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. त्याहून आधी, २००३ मध्ये, २४८१ हृदयरुग्णांवर झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात बोलण्याच्या उपचारानं मनं सावरली, पण मरणारांची संख्या घटली नाही. काही लोक यावरून म्हणतात, मग उपयोग काय? मला या वाक्याचा राग येतो. पोळ्याला आतल्या खोलीत बसलेला माणूस बाहेर ओट्यावर आला, हा उपयोग मोजायला मरणाचा आकडा कशाला लागतो?

डॉक्टरांचा जोर दोन गोष्टींवर होता : बोलणं आणि हातांना काम. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगत' संस्थेनं गावातल्याच साध्या माणसांना शिकवून, खचलेल्यांना सहा-आठ भेटींत हळूहळू जुन्या कामांकडे परत आणण्याची पद्धत बसवली. २०१७ मध्ये तिचा चांगला परिणाम सिद्ध झाला. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातही तीस गावांत असंच काम झालं, 'विश्राम' नावानं. तिथं खचलेल्या शंभरांतले चार जण मदतीपर्यंत पोचत होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले. नाव विश्राम असलं तरी सांगणं उलट होतं : उठा, थोडं काही करा, करावंसं वाटण्याची वाट बघू नका. दुबळ्या हृदयाला बेतानं चालवलं तर हृदयाचं नुकसान होत नाही, उलट मनही थोडं उचलतं, हेही २०१२ मध्ये दोन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं होतं. आम्ही चार महिने बाबांना खाटेवर बसवून ठेवलं होतं. प्रेमानं.

समुपदेशक ताईंनी दिलेली यादी घरी आल्यावर बाबांनीच बदलली. ताईंनी लिहिलं होतं, सकाळी फिरणं. बाबा म्हणाले, "बिनकामाचं कोन फिरते?" मग ते धुऱ्यापर्यंत जाऊन तुरीवर अळी पडली का ते बघून यायला लागले. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतून परतले. आठवड्यानं पोचले. शेजाऱ्याच्या गायीचं वासरू दुपारी आमच्या अंगणात बांधायला लागले. माझा तक्ता मी काढला नाही, फक्त पेन त्यांच्या हातात दिला. वजन तेच लिहितात. आकडे वाकडे येतात.

याच दिवसांत मला काकूची आठवण यायला लागली. बाबांची धाकटी भावजय. लहानपणी घसा धरला, सांधे सुजले आणि त्यातून तिच्या हृदयाची झडप गेली. गरिबाघरचा हा जुना आजार. पंचविशीत तिला कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी आणि महिन्याला रक्ततपासणी. धातूच्या झडपेचा आवाज होतो. रात्री घर शांत झालं की तो तिला ऐकू येतो. तिनं एकदा मला सांगितलं होतं, "उशीत घड्याळ ठेवल्यावानी वाटते." मी तेव्हा विज्ञान समजावून सांगितलं होतं, झडप कशी उघडते, कशी मिटते. तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलंच नाही. बाबा खाटेवर पडले म्हणून गावाच्या नजरेला तरी आले. काकू पडली नाही. भाकरी थापत, निंदायला जात, लेकरांचे डबे भरत तिची वीस वर्षं गेली. बाईनं हाय खाल्ली, हे आमच्या पारावर कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तिच्या हातचं काम थांबत नाही. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो, चुलीपुढे बसलो आणि आशाताईंच्या फॉर्मातला पहिला प्रश्न विचारला. तिनं भाकरी उलटली. "हे विचाराले तुले वीस वर्सं लागले का रे?" म्हणाली. पुढचं जे बोलली ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही. पुढच्या वेळी वाशिमला आम्ही चौघं जाणार आहोत.

बाबांचं पंपिंग परवाच्या इकोत सदतीस आलं. म्हणजे होतं तिथंच. वाईट दिवसही येतात. आठवडा आठवडा गप्प असतात, माय माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. हा आजार हृदयाच्या आजाराबरोबर घरात राहणार, हे आम्ही मान्य केलंय.

यंदा तूर शेंगांवर आली तेव्हा जागलीला मी गेलो. भाऊ तापानं फणफणत होता. बाबा म्हणाले, मी येतो. माय नाही म्हणाली, मीही आधी नाहीच म्हणालो, मग डॉक्टरांना फोन केला आणि दोन घोंगड्या, कानटोपी, गोळ्यांची डबी घेऊन निघालो. मचाणावर चढवायचं नव्हतं, खाली खाट टाकली. ते बॅटरीचा झोत कडेच्या झाडांवर फिरवत मला सांगत होते, डुक्कर कुठून येते, रोही कुठून. रोही आला की धावायचं नाही, नुसती हाळी द्यायची. अकराच्या सुमाराला बोलता बोलता थांबले. मी वाकून बघितलं. छाती वरखाली होत होती. झोपले होते. घोरत होते.

दोन वाजता धुऱ्याकडे काहीतरी हललं. चार-पाच रोही, मोठ्या अंगाचे, तुरीत मान घालून उभे. मी हाळी देण्यासाठी तोंड उघडलं आणि खाटेकडे बघितलं. तोंड मिटलं. रोह्यांनी शेंगा ओरबाडलेल्या मला ऐकू येत होत्या. मग आपणच रानात परतले.

उजाडल्यावर बाबा काठी टेकत धुऱ्यापर्यंत गेले. खुरांचे माग बघितले, खाल्लेली तासं बघितली, आणि तिथूनच, श्वास लागेपर्यंत मोठ्यानं माझ्यावर ओरडले, "दोन तासं खाऊन गेले रोही! जागल करत होता का झोपला होता लेका?"

मी म्हणालो, "झोपलो होतो बाबा."